चिठ्ठी दोन प्रतींत आणा

दुकान मुलाच्या हवाली करून चार वर्षं झाली, तरी संध्याकाळी मी काउंटरमागच्या स्टुलावर जाऊन बसतोच. डोंबिवली पूर्वेत औषधाच्या दुकानाची संध्याकाळ म्हणजे साडेसात ते साडेनऊ. लोकलमधून उतरलेली माणसं घरी जाता जाता बीपीची, शुगरची गोळी घेऊन जातात. त्याच गर्दीत गेल्या पावसाळ्यात एका बाईंनी आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. मेलबर्नला असलेल्या मुलानं बातमी पाठवली होती: ऑस्ट्रेलियात डिप्रेशनवर मशरूममधलं औषध द्यायला परवानगी आहे. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘बाबांसाठी कुणाला तरी विचार ना.’ बाबांच्या गोळ्या सहा वर्षं आमच्याच दुकानातून जातात. बाईंनी इकडेतिकडे बघत अगदी हळू विचारलं, “हे आपल्याकडे मिळतं का हो, काका?”

त्या गर्दीत दोन मिनिटांत जे सांगता आलं नाही, ते इथं सांगतो. मी मनोविकारतज्ज्ञ नाही. कोणाला कोणतं औषध द्यायचं हे ठरवणं माझं काम कधीच नव्हतं. पण कोणतं औषध कोणत्या कागदावर मिळतं आणि घरी गेल्यावर लोक त्याचं काय करतात, हे तीस वर्षं पाहिलंय.

आधी त्या बातमीतलं खरं किती ते पाहू. बातमी खरी आहे. 1 जुलै 2023 पासून ऑस्ट्रेलियात खास परवाना मिळालेले मनोविकारतज्ज्ञ दोन पदार्थ लिहून देऊ शकतात: इतर औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी सिलोसायबिन, म्हणजे त्या मशरूममधला घटक, आणि आघातानंतरच्या मानसिक विकारासाठी, ज्याला पीटीएसडी म्हणतात त्यासाठी, एमडीएमए. मुलानं पाठवलेल्या चार ओळींत न मावलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथं पेशंटला पुडी हातात देऊन घरी पाठवत नाहीत. आधी काही बैठका फक्त बोलण्याच्या होतात. मग एक अख्खा दिवस खोलीत, सोबत दोन प्रशिक्षित माणसं, डोळ्यांवर पट्टी, सहा ते आठ तास. त्यानंतर पुन्हा बैठका, त्या दिवशी मनात जे वर आलं त्याचं काय करायचं यासाठी. खर्च हजारो डॉलरमध्ये जातो, आणि त्यातला मोठा भाग त्या माणसांच्या वेळेचा असतो. पदार्थ अर्धाच उपचार आहे, उरलेला अर्धा ती खोली आणि ती माणसं. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात असू द्या, कारण फसवणारा नेहमी तो दुसरा अर्धा वगळूनच विकतो.

फायदा होतो का? काहींना होतो. नोव्हेंबर 2022 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये 233 पेशंटांवरचा अभ्यास आला. सिलोसायबिनची 25 मिलिग्रॅमची एकच मात्रा दिलेल्या गटात तीन आठवड्यांनी 37 टक्के लोकांची लक्षणं निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली. नाममात्र 1 मिलिग्रॅम दिलेल्या गटात हाच आकडा 18 टक्के होता. बारा आठवड्यांपर्यंत फायदा टिकलेले मोठ्या मात्रेच्या गटात 20 टक्के निघाले. म्हणजे आशा धरावी असं काहीतरी आहे, चमत्कार नाही. एमडीएमएचं तर उलटंच झालं. अमेरिकेत त्याची मंजुरी जवळ आली आहे असं सगळे धरून चालले होते, पण ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या औषध प्रशासनानं ती नाकारली आणि आणखी एक चाचणी करायला सांगितलं. त्याच महिन्यात एका संशोधन नियतकालिकानं या विषयावरचे तीन लेख मागे घेतले, कारण एका चाचणीत थेरपिस्टनं पेशंटशी गैरवर्तन केल्याचं उघड झालं होतं. या प्रकरणाकडे पुन्हा यावं लागेल.

या सगळ्या पदार्थांना मराठीत अजून धड नाव नाही. ‘भ्रमकारक’ म्हटलं की पेशंट वेडा ठरतो आणि ‘मनोविस्तारक’ म्हटलं की जाहिरात वाटते. मी सायकेडेलिक हाच शब्द ठेवतो.

आता भारतातलं उत्तर. एलएसडी, सिलोसायबिन, एमडीएमए आणि डीएमटी हे सगळे 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या यादीत आहेत. कुठलाही डॉक्टर, कितीही मोठा असो, डोंबिवलीत किंवा मुंबईत यांची चिठ्ठी लिहून देऊ शकत नाही, आणि कुठलाही केमिस्ट ते विकू शकत नाही. ‘आमच्याकडे ही थेरपी मिळते’ असं कुणी सांगत असेल, तर तो एकतर दुसरंच काही देतोय किंवा गुन्हा करतोय.

याच घराण्यातलं एकच औषध आपल्याकडे कायदेशीर आहे: केटामाइन.

डॉक्टरांना ते नवं नाही. 1962 मध्ये अमेरिकेत तयार झालं, 1970 पासून भूल देण्यासाठी वापरात आहे. श्वास चालू ठेवून भूल देतं, मोठं यंत्र लागत नाही, म्हणून तालुक्याच्या ठिकाणच्या शस्त्रक्रियांत त्यानं हजारो वेळा हात दिलाय. गुराढोरांच्या डॉक्टरांकडेही असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचं नाव आहे. भुलीपेक्षा बऱ्याच कमी मात्रेत दिलं तर डिप्रेशन काही तासांत हलकं होतं, हे 2000 साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या एका छोट्या अभ्यासात दिसलं. पेशंट होते फक्त सात. पुढे 2023 मध्ये 403 पेशंटांची एक तुलना झाली, शॉक ट्रीटमेंट, म्हणजे ईसीटी, विरुद्ध केटामाइन. सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रमांची, लक्षणं नसलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनमध्ये केटामाइनच्या गटात 55 टक्के, ईसीटीच्या गटात 41 टक्के लोकांना चांगला फायदा झाला. कमकुवत बाजूही तितकीच पक्की आहे: एका बैठकीचा परिणाम काही दिवस, फार तर आठवडा-दोन आठवडे टिकतो. भारतात हे इंजेक्शन मंजूर आहे ते भुलीसाठी. डिप्रेशनसाठी वापरणं हा डॉक्टरनं आपल्या जबाबदारीवर घेतलेला निर्णय असतो. असा वापर वैद्यकात पुष्कळ होतो, त्यात काही काळंबेरं नाही. पण डॉक्टरनं तो तुम्हाला स्पष्ट सांगितला पाहिजे.

इथं माझं धंद्यातलं ज्ञान कामी येतं. केटामाइन 2011 मध्ये एनडीपीएसच्या यादीत आलं आणि 2013 च्या अखेरीस शेड्यूल एक्समध्ये. शेड्यूल एक्स म्हणजे औषध विक्रीतली सगळ्यात कडक कोठडी. त्यासाठी वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, रजिस्टर वेगळं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदारानं दोन वर्षं जपून ठेवायची असते. आमच्यासारखी गल्लीतली बहुतेक दुकानं हा परवाना घेतच नाहीत; कटकट जास्त, विक्री नाही. म्हणून हे औषध राहतं रुग्णालयांत. तुम्हाला साध्या एका चिठ्ठीवर, किंवा चिठ्ठीशिवायच, कुणी केटामाइनची बाटली, थेंब, चघळायच्या गोळ्या घरी न्यायला देत असेल, तर कागदच सांगतो की गडबड आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये अमेरिकन नट मॅथ्यू पेरी घरी मेला तो केटामाइनच्याच परिणामानं. क्लिनिकमध्ये देखरेखीखाली सुरू झालेलं औषध पुढे घरात, भलत्या माणसांच्या हातून येत राहिलं होतं. त्यात डॉक्टरही दोषी ठरले.

म्हणून ‘हे मिळतं का’ हा प्रश्न बाजूला ठेवून मी बाईंना आधी वेगळंच विचारलं: “साहेबांची फाइल आहे का?”

फाइल, आणि अर्धी पट्टी

केटामाइन असो किंवा उद्या परवानगी मिळाल्यास मशरूम, हा उपचार ‘दाद न देणाऱ्या’ डिप्रेशनसाठी आहे. दाद न देणारं म्हणजे दोन वेगवेगळी औषधं, योग्य मात्रेत, पुरेसे दिवस घेऊनही फरक पडला नाही असं. पुरेसे दिवस म्हणजे सहा-आठ आठवडे. आता काउंटरवरून मी काय पाहिलंय ते सांगतो. डिप्रेशनच्या गोळीची चिठ्ठी महिन्याची असते, आणि माणूस म्हणतो, “सध्या अर्धी पट्टी द्या.” पाच दिवसांनी मळमळ होते, तोंड कोरडं पडतं, तो परत येत नाही. दुसरा तीन आठवडे घेतो, बरं वाटतं, आणि बरं वाटलं म्हणूनच बंद करतो. तिसऱ्याची गोळी सासूच्या हाती लागते आणि ‘या गोळ्यांची सवय लागते’ हा शेरा बसतो. चौथा गणपतीत बंद करतो, कारण घरी पाहुणे असतात आणि पट्टी कुणाला दिसायला नको. मग वर्षभरानं हीच माणसं सांगतात, चार औषधं झाली, काही उपयोग नाही. खरं तर चारांतलं एकही झालेलं नसतं.

त्यामुळे पहिलं काम घरातच करा. एका वहीत तारखेप्रमाणे उतरवा: कोणतं औषध, किती मिलिग्रॅम, कधी सुरू, कधी वाढवलं, कधी आणि का बंद. जुन्या चिठ्ठ्या नसतील तर तुमच्या केमिस्टला विचारा. आमच्या संगणकात बिलं असतात. ती वही घेऊन मनोविकारतज्ज्ञाकडे गेलात की त्यांचं निम्मं काम झालं. त्यांना आणखी चार गोष्टी विचारा. थायरॉइड तपासलंय का. बी-12 पाहिलंय का, विशेषतः घर शाकाहारी असेल तर. हे नुसतं डिप्रेशनच आहे की मधूनमधून उलट टोकाचा उत्साह, झोप न लागता कामं उरकणं, भरमसाट खरेदी असंही काही असतं, म्हणजे बायपोलर तर नाही. रोज रात्रीचे ‘दोनच पेग’ मोजले का. या चार प्रश्नांत किती जणांचा ‘दाद न देणारा’ आजार सुटतो हे तुम्हाला कुठलाही अनुभवी डॉक्टर सांगेल.

एक धोक्याची सूचना इथंच. इंटरनेटवर लिहिलेलं असतं की चालू गोळ्यांमुळे सायकेडेलिकचा परिणाम कमी होतो, म्हणून आधी त्या सोडा. स्वतःच्या मनानं सोडू नका. डिप्रेशनच्या गोळ्या एकदम तोडल्या तर चक्कर येते, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात, आणि दबलेलं डिप्रेशन उसळून वर येतं. लिथियम चालू असताना एलएसडी किंवा मशरूम घेतलेल्यांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. आयाहुआस्का नावाचा दक्षिण अमेरिकी काढा डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर घेतला तर जिवावर बेतू शकतं.

कुठं जायचं

डोंबिवलीत खासगी मनोविकारतज्ज्ञ आता चांगल्या संख्येनं आहेत, आणि नेहमीच्या उपचारासाठी गाव सोडायची गरज नाही. परवडत नसेल तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 1901 सालची ही संस्था. ‘याला ठाण्याला पाठवा’ हे आपल्या बोलण्यात इतकं रुजलंय की तिथल्या ओपीडीची चिठ्ठी काढायला माणसाला लाज वाटते. मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये त्या रुग्णालयाच्या काही जागेवर नवं रेल्वे स्थानक व्हायचंय. निदान तेव्हा तरी लोक तिथं बिनधास्त उतरतील. समुपदेशन हवं असेल तर ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. आणि काही विचारायचं असेल, रात्री-अपरात्री, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक. फुकट आहे, मराठीत बोलतात.

केटामाइनसाठी मात्र बहुधा मोठं रुग्णालय पाहावं लागेल. स्वतःहून ‘केटामाइन क्लिनिक’ शोधत जाऊ नका. तुमच्या नेहमीच्या मनोविकारतज्ज्ञाकडून पत्र घ्या. ज्या जागी जाल तिथं हे पाहा. मनोविकारतज्ज्ञाबरोबर भूलतज्ज्ञ, किंवा श्वास अडला तर सांभाळू शकेल असा डॉक्टर, त्या वेळी हजर असतो का. बीपी, नाडी, ऑक्सिजन दाखवणारा मॉनिटर लावतात का. मात्रा वजनावर काढतात का. शिरेतून देण्याची अभ्यासांतली रूढ मात्रा किलोला अर्धा मिलिग्रॅम, चाळीस मिनिटांत हळूहळू, अशी आहे. पहिल्या बैठकीआधी प्रश्नावली भरून घेऊन आजाराचं मोजमाप करतात का, आणि तेच मोजमाप नंतर पुन्हा करतात का. साधारण आठवड्यातून दोनदा, एकूण सहाच्या आसपास बैठका होतात. तीन-चार बैठकांनंतर आकडा हललाच नाही तर थांबणार का, हे आधी विचारा. ‘आणखी सहा घ्या, पॅकेज आहे’ हे उत्तर मिळालं तर उठा. औषधाची कुपी स्वस्त आहे. तुम्ही पैसे मोजता ते खाट, मॉनिटर आणि डॉक्टरांच्या वेळेचे.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. बीपी आटोक्यात नसेल, हृदयाचा त्रास, पूर्वी लकवा, मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगवटा, घराण्यात कुणाला स्किझोफ्रेनिया, गर्भारपण, दारू किंवा आणखी कशाची सवय, हे सगळं सांगायचं. ‘आत्याला वेड लागलं होतं’ ही गोष्ट आपण लग्नात लपवतो तशी इथं लपवली तर नुकसान आपलंच. वारंवार केटामाइन घेणाऱ्यांचं मूत्राशय सुजतं, म्हणून लघवीला जळजळ झाली तर तीही सांगा.

आता त्या गैरवर्तनाच्या प्रकरणाकडे. या औषधांखाली माणूस आतून उघडा पडतो, विरोध करायची ताकद जाते, आणि समोरच्यावर विश्वास टाकण्याची ओढ वाढते. म्हणून खोलीत एकटा थेरपिस्ट आणि एकटा पेशंट ही व्यवस्था मान्य करू नका. दुसरी व्यक्ती हवी. पेशंट स्त्री असेल तर नर्स किंवा आया खोलीत हवी. धीर द्यायला हातावर हात ठेवला तर चालेल का, हे शुद्धीत असताना ठरवून संमतीपत्रावर लिहून घ्या. संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मागा. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा तुमच्या बाजूनं आहे; विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असंही त्याच कायद्यात आहे. तरी एका दिवसाच्या, मंजूर यादीबाहेरच्या वापरावर क्लेम अडू शकतो. पूर्वमंजुरी लेखी घ्या, फोनवरच्या ‘हो, होईल सर’ला किंमत नाही.

बैठकीचा दिवस आपल्याला, म्हणजे डोंबिवलीकरांना, जरा आखावा लागतो. सकाळची वेळ मागा. किती तास उपाशी राहायचं, बीपीची गोळी घ्यायची का, शुगरची त्या दिवशी टाळायची का, हे आदल्या दिवशी विचारून लिहून ठेवा. औषध चालू असताना शरीर आपलं नाहीसं वाटतं, छत लांब जातं, आवाज पाण्याखालून आल्यासारखे येतात, वेळ ताणला जातो. बहुतेकांना तासाभरात हे ओसरतं. मळमळ होऊ शकते, बीपी थोडा वेळ चढतो. आधी माहीत असेल तर माणूस घाबरत नाही, म्हणून हे सगळं पेशंटला सांगा. फक्त ‘एक इंजेक्शन आहे’ म्हणून नेऊ नका. नंतर निदान दोन तास तिथंच बसा. सोबत एक माणूस हवाच. परतीला पाच-साडेपाचच्या कर्जत फास्टमध्ये अशा माणसाला चढवणं हा वेडेपणा आहे. दुपारी तीनच्या आत निघा, नाहीतर सरळ टॅक्सी करा. रात्रीची झोप होईपर्यंत स्कूटर नको, गॅससमोर एकटं उभं राहणं नको, बँकेच्या कागदावर सही नको.

आणि माणूस जीव देण्याच्या गोष्टी बोलत असेल तर केटामाइनची तारीख मिळेपर्यंत थांबायचं नाही. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या उचलून ठेवा, आणि जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. पोलिसांच्या भीतीनं घरी ठेवू नका. याच 2017 च्या कायद्याच्या 115 व्या कलमानं आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, त्याच्यावर खटला चालत नाही, आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम ठरतं. ईसीटी सुचवली तर शब्दाला दचकू नका. आता ती भूल देऊनच करावी लागते, भुलीशिवाय करायला कायद्यानं बंदी आहे, आणि अशा तातडीत ती अजूनही सगळ्यात भरवशाच्या उपायांपैकी आहे.

गोवा, कुरिअर आणि ‘एमडी’

तरुण पोरं मला वेगळंच विचारतात, थोडं हसत. गोव्याला सायकेडेलिक देणारी ‘सेरेमनी’ असते, वीकेंडला जाऊन येऊ का? इंटरनेटवर मायक्रोडोसची, म्हणजे अगदी बारीक मात्रेची, चॉकलेटं मिळतात, मागवू का?

आधी वजनाचा हिशेब ऐका. एलएसडीच्या बाबतीत कायद्यानं ‘व्यावसायिक प्रमाण’ ठरवलंय ते 0.1 ग्रॅम. एलएसडी येतं ते शोषकागदाच्या बारीक चौकोनांवर, आणि मुंबई उच्च न्यायालयानं 2021 मध्ये कागदासकट वजन धरायचं असा निकाल दिला. म्हणजे बोटांवर मोजता येतील एवढ्या तुकड्यांत तुम्ही व्यापारी ठरता. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा वर्षं सक्तमजुरी आहे आणि जामीन मिळणं महाकठीण. मशरूमबद्दल केरळ उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये जामीन देताना म्हटलं की अख्ख्या मशरूमचं वजन न धरता त्यातल्या सिलोसायबिनचं धरावं. लगेच फॉरवर्ड फिरले, ‘मशरूम कायदेशीर’. तसं काही झालेलं नाही. सिलोसायबिन यादीत होतं, आहे.

दुसरा घोळ नावाचा. ठाणे-कल्याणच्या पानावर दर आठवड्याला ‘एमडी जप्त’ अशी बातमी असते. ते एमडी म्हणजे मेफेड्रोन, पोरांच्या भाषेत म्याव म्याव. 2015 पासून तेही एनडीपीएसमध्ये आहे. त्याचा ऑस्ट्रेलियातल्या एमडीएमएशी संबंध नाही, कुठल्याही मानसिक आजारावर ते औषध नाही. ते माणसाला झोपू देत नाही, संशयी करतं आणि झपाट्यानं जखडतं. ‘थेरपीवालं एमडी’ म्हणून कुणी देत असेल तर त्याला स्वतःलाच काय विकतोय ते माहीत नाही, किंवा चांगलंच माहीत आहे.

घरातल्या कुणी काही घेतलंच आणि तो घाबरला, बडबडू लागला, तर ओरडू नका, बांधू नका. दिवा मंद करा, एक ओळखीचं माणूस शेजारी बसू द्या, ‘हे औषधाचं आहे, उतरेल’ असं सांगत राहा. अंग तापलं, झटके आले, हातपाय ताठले, छातीत दुखलं तर ताबडतोब रुग्णालय, आणि डॉक्टरला काय घेतलं ते खरं सांगायचं. व्यसनच असेल तर पुण्याचं मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये ते सुरू केलं तेव्हा गर्द नावाच्या अमली पदार्थानं मुंबई-पुण्यातली पोरं संपत होती. व्यसनी माणूस थोड्या प्रमाणासह सापडला आणि त्यानं स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, तर 64-अ कलमात त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. वकिलाला हे कलम आठवण करून द्या.

‘वेदांतला सोमरस म्हणजे मशरूमच’ असे मेसेजही येतात, त्यांना मी उत्तर देत नाही. सोम म्हणजे अमुक मशरूम असा तर्क गॉर्डन वॉसन नावाच्या अमेरिकी बँकरनं 1968 मध्ये पुस्तक लिहून मांडला. विद्वानांचं त्यावर एकमत झालेलं नाही. आणि झालं असतं तरी त्यावरून कुणाच्या बाबांची मात्रा ठरत नाही.

आपल्या भागाचा या विषयाशी खरा धागा आहे तो वेगळाच, गणेशपुरीचा. चेक मनोविकारतज्ज्ञ स्तानिस्लाव ग्रोफ यांनी 1950 च्या दशकात प्रागमध्ये एलएसडी देऊन पेशंटांवर काम सुरू केलं, पुढे अमेरिकेत गेले. तिथं बंदी आल्यावर त्यांनी पत्नी क्रिस्टिनासह जोरजोरात श्वास घेऊन तशीच अवस्था आणायची पद्धत काढली. क्रिस्टिना गणेशपुरीच्या स्वामी मुक्तानंदांच्या शिष्या. 1982 मध्ये ग्रोफ यांनी मुंबईत एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली, तिथं मदर तेरेसाही होत्या आणि मुक्तानंदही. गणेशपुरीशेजारच्या वज्रेश्वरीच्या कुंडावर जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असेल! आज ‘ब्रेथवर्क’ नावानं जी शिबिरं भरतात त्यातली बरीच त्याच पद्धतीची नातवंडं आहेत. श्वास घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. पण हृदयविकार, फेफरं, काचबिंदू, गर्भारपण किंवा सायकोसिसचा इतिहास असेल तर हा प्रकार टाळा, आणि शिबिरवाला ‘आता गोळ्या बंद करा’ म्हणाला तर चपला घालून बाहेर पडा.

त्या बाई पंधरा दिवसांनी वही घेऊन आल्या. सहा वर्षांचं सगळं त्यांनी दोन रंगांत लिहून काढलं होतं, चालू ते निळ्यानं, बंद ते लाल. मी काही बोललो नाही, ते डॉक्टरांचं काम. पण वाचताना लक्षात आलं की सहा वर्षांत तीन औषधं बदलली, आणि तिन्ही सुरुवातीच्याच मात्रेवर थांबली होती. थायरॉइडचा शेवटचा रिपोर्ट 2019 चा. वही घेऊन त्या ठाण्याला जाणार होत्या, शुक्रवारी. मुलाला काय कळवू, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, त्याला वहीच्या पानांचे फोटो पाठवा.